चिनी मातीचे पात्र

मूर्ती हाती आली की बाई तिचा चेहरा पाहत नाहीत. प्रथम ती उलटी करतात. बैठकीच्या तळाशी करंगळीचे टोकही शिरणार नाही एवढे एक छिद्र असते, त्याच्या शेजारी माती ओली असताना दाबून उमटविलेला तीन-चार आकडी क्रमांक असतो, आणि दैव अनुकूल असल्यास एखादा शिक्का. शकुंतलेच्या तळाशी क्रमांकाखेरीज एकच शब्द आहे : जर्मनी. कारखान्याचे नाव नाही, गावाचे नाही, घडविणाऱ्याचे तर नाहीच. ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली व्यापारी चिन्हांविषयीचे कायदे झाले. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर उत्पादक देशाचे नाव सक्तीचे केले. तेव्हा हा शब्द मिरविणारी वस्तू बहुधा त्यानंतरची, इतकाच निष्कर्ष या तळातून निघतो. बत्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविलेल्या बाईंना या तळपाहणीत चमत्कारिक असे काही वाटत नाही. ज्या नाटकाची ही नायिका, त्याचे नावच मुळी ओळखीच्या खुणेवरून पडलेले आहे. खूण नसेल तर समोर उभ्या असलेल्या शकुंतलेलाही राजसभा ओळखत नाही.

बाईंचे घर डोंबिवली पूर्वेला, फडके रोडपासून चालत दहा मिनिटांवर, १९८४ साली बांधलेल्या एका तीनमजली इमारतीत आहे. दिवाणखान्याच्या भिंतीत आधीच्या मालकाने बसवून घेतलेले काचेचे कपाट आहे. गिरगाव-दादरच्या चाळींतून उठून डोंबिवलीला आलेल्या मध्यमवर्गाने जी घरे मांडली, त्यांत असा 'शोकेस' नसलेले घर विरळा. आणि त्यातली मांडणीही ठरलेली असे. संगमरवरी ताजमहाल, शंखशिंपले, मुलांनी मिळविलेले चषक, कोणीतरी परदेशाहून आणलेली, प्लास्टिकच्या वेष्टनातून कधीच न काढलेली बाहुली. बाईंच्या शोकेसमध्ये एकेचाळीस मूर्ती आहेत, सगळ्या चिनी मातीच्या, आणि प्रत्येकीच्या मागे एखादी संहिता आहे. संहिता नसलेली मूर्ती कितीही देखणी असली तरी त्या घेत नाहीत. मेंढ्या राखणारी पोर, व्हायोलिन वाजविणारा मुलगा, छत्रीखालचे जोडपे असल्या मूर्ती मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, पुष्कळ मिळत. बाईंनी त्या हातात घेतल्या, उलट्या केल्या आणि परत ठेवल्या. शाळेत सर्वजण त्यांना बाई म्हणत. येथेही तेच संबोधन पुरे.

मराठीत भांड्यालाही पात्र म्हणतात आणि नाटक-कादंबरीतल्या व्यक्तीलाही. हा योगायोग नव्हे. संस्कृत नाट्यविचारात पात्र म्हणजे मुळात भूमिका धारण करणारा नट. तो धारक, त्याच्यातून जे ओतले जाते ते वेगळे. पुढे मराठी समीक्षेने 'व्यक्तिरेखा', 'व्यक्तिचित्रण' असे रेखाकलेतले शब्द आणले आणि भांड्याची मूळ कल्पना मागे पडली. चिनी मातीच्या संदर्भात ती पुन्हा पुढे येते. मराठी घरात चिनी माती म्हणजे प्रथम लोणच्याची बरणी; पोर्सेलिनसारख्या अर्धपारदर्शक, नखाने वाजविली तर घंटेसारखा नाद देणाऱ्या मातीला आपण निराळा शब्दही केलेला नाही. १८७०च्या दशकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली कुंभकामाचा उद्योग चालला. ती माती चिनी नव्हती, झिलई दिलेली साधीच होती. तीतून अजिंठ्याच्या आकृतिबंधांनी सजविलेले कुंभ घडले. म्हणजे पात्रे घडली ती पहिल्या अर्थाची. दुसऱ्या अर्थाची पात्रे, तीही आपलीच, बाहेरून आली.

शकुंतला नऊ इंच उंच आहे. ती नऊवारी नेसली आहे. काठ सोनेरी होता, आता त्याची नुसती तपकिरी रेघ उरली आहे. एक पाय किंचित उचललेला, हात पावलाकडे गेलेला, आणि मान मागे वळलेली. रविवर्म्याचे ज्या चित्राने घराघरांत ठाण मांडले, त्यातली ही मुद्रा कोणीही ओळखील. पायात रुतलेला काटा काढण्याचे निमित्त, आणि त्या निमित्ताच्या आडून मागे टाकलेली दृष्टी. चित्रात ती सखीच्या खांद्याचा आधार घेऊन उभी आहे. मूर्तीत सख्या नाहीत.

ही मुद्रा डोंबिवलीच्या भिंतीपर्यंत कोणत्या वाटेने आली, ते पाहण्याजोगे आहे. विल्यम जोन्स यांचे शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतर १७८९ साली कलकत्त्याला प्रसिद्ध झाले. त्यावरून गेऑर्ग फोर्स्टर यांनी १७९१ मध्ये ते जर्मनमध्ये नेले, आणि त्याच वर्षी गटेने शकुंतलेवर आपले चार ओळींचे प्रसिद्ध स्तवन लिहिले. 'फाउस्ट'च्या रंगभूमीवरील प्रस्तावनेमागे शाकुंतलाची प्रस्तावना आहे, असे मानले जाते. जर्मन वाचकाला भेटलेली ही शकुंतला निव्वळ शब्दांची होती. तिला चेहरा नव्हता, आणि वल्कल म्हणजे नेमके काय याची स्पष्ट कल्पना त्या वाचकांपैकी किती जणांना असेल, याची शंकाच आहे. इकडे १८८० साली, ऑक्टोबरच्या ३१ तारखेला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' उभे राहिले आणि शकुंतलेला मराठी देह मिळाला. तो देह पुरुषाचा होता, आणि त्याने नऊवारी नेसली होती. पुढे १९०५ मध्ये मिरजेला बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळीत पदार्पण केले तेही शकुंतलेच्याच भूमिकेत. रविवर्म्याने आपल्या पौराणिक नायिकांना नऊवारी नेसविली, त्यामागे महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा आणि येथील नाटकांचा हात होता, हे मत कलेतिहासात रुळलेले आहे. १८९४ मध्ये त्याने मुंबईत शिळाछापखाना काढला. तेथून बाहेर पडलेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे. छापखान्याचे तंत्र जर्मन, तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर जर्मन, आणि काही वर्षांत त्याची मालकीही श्लायशरकडेच गेली. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलल्यानंतर चित्रांचे गठ्ठे रेल्वेने मुंबईला जायचे ते बोरघाट उतरून कल्याण, डोंबिवली, ठाणे याच वाटेने. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या पोर्सेलिनच्या कारखान्यांनी हिंदुस्थानी बाजारासाठी देवदेवतांच्या आणि पुराणातल्या स्त्रियांच्या मूर्ती घडविल्या, तेव्हा त्यांच्यापुढे नमुना म्हणून बहुतकरून हीच छापील चित्रे होती.

म्हणजे १७९१ मध्ये वाणीच्या रूपाने जर्मनीत गेलेली शकुंतला शतकभराने वस्तूच्या रूपाने परतली, आणि परतली ती नऊवारी नेसून. कालिदासाचा शब्द, इंग्रजाचे भाषांतर, मराठी नटाची साडी, मलयाळी चित्रकाराची रेषा, जर्मन साचा : यांतले 'मूळ' कोणते, हा प्रश्न बाईंनी केव्हाच सोडून दिला आहे. त्यांना दुसराच एक शोध लागला, आणि तो सांगताना त्यांच्या आवाजात अजून वर्गातला चढ येतो.

पोर्सेलिनची मूर्ती घडते ती अशी. मूळ नमुन्याचे तुकडे पाडून प्रत्येकाचा प्लास्टरचा साचा घेतात. पातळ केलेली माती साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेते, आत मातीचा पापुद्रा धरतो, उरलेली माती ओतून टाकतात. हात, मान, पदर असे पोकळ अवयव मग त्याच मातीच्या घोळाने जोडतात, आणि तळाला छिद्र ठेवतात ते भट्टीत आतली हवा बाहेर पडावी म्हणून. भट्टी तेराशे-चौदाशे अंशांपर्यंत जाते. त्या उष्णतेत मूर्ती सुमारे सहाव्या हिश्श्याने आक्रसते. पण त्याहून महत्त्वाचे असे की ती मऊ पडते. एका पायावर तोललेली स्त्री भट्टीत उभी राहूच शकत नाही, वाकते. म्हणून युरोपीय मूर्तींमध्ये पायांशी हमखास झाडाचा बुंधा, खडक किंवा फुलांची रास असते. पाहणाऱ्याला ती सजावट वाटते. खरे तर तो टेकू असतो. शकुंतलेच्या कमरेलाही असाच बुंधा टेकलेला आहे, आणि त्याची एक फांदी मागून येऊन तिच्या वस्त्राला चिकटली आहे. सख्यांचे खांदे साच्यात बसेनात म्हणून कारागिराने झाड घातले.

आता कालिदासाची संहिता पाहावी. पहिल्या अंकाच्या अखेरीस शकुंतला थांबते ती केवळ पायाला दर्भ टोचला म्हणून नव्हे. तिचे वल्कल कुरबकाच्या फांदीत अडकले आहे, असेही ती म्हणते. दुसऱ्या अंकात राजा हे विदूषकाला सांगतो तेव्हा न अडकलेले वल्कल ती झाडांच्या फांद्यांतून सोडवीत होती, हे त्याच्या ध्यानात आलेले असते. रविवर्म्याने काटा ठेवला, दृष्टी ठेवली, फांदी सोडली. साडीची गडबड त्याला चित्रात नको असावी. ती फांदी एका परक्या कारागिराने, नाटक बहुधा न वाचता, मातीच्या गरजेपोटी परत आणली. बाई याला 'अज्ञानाने झालेले पाठशोधन' म्हणतात. हा योगायोगच आहे. त्यात हेतू शोधणे व्यर्थ. पण माध्यम हे आशयाचे निष्क्रिय वाहन नसते, त्याला स्वतःचे आग्रह असतात, हे मर्ढेकरांपासून आपण तत्त्व म्हणून मांडत आलो. ते असे कमरेला टेकलेल्या बुंध्यात दिसणे ही गोष्ट वेगळी. लेसिंगने 'लाओकून'मध्ये १७६६ साली शिल्पकाराला एकच क्षण निवडावा लागतो, म्हणून तो परमोच्च नसावा, पाहणाऱ्याच्या कल्पनेला पुढे-मागे जाता यावे असा असावा, असे म्हटले होते. शकुंतलेचा हा क्षण तसा आहे खरा. मात्र मूर्ती कपाटात गेली की लेसिंगच्या हिशेबात नसलेले काहीतरी घडते. दुष्यंत तर नाहीच; ती ज्याच्याकडे पाहते ती जागा आता मांडणी करणाऱ्याच्या हाती असते. गिरगावच्या घरी तिची नजर कित्येक वर्षे ओवाळणीच्या तबकावर पडत असे. बाईंनी तिथे डॉन किहोटे ठेवला आहे. दोघेही जे नाही त्याच्याकडे पाहतात, एवढेच स्पष्टीकरण त्या देतात.

किहोटे स्पेनचा, अलीकडचा, आणि बाजाराच्या दृष्टीने क्षुल्लक. त्याचा भाला आणतानाच मोडला. बाईंनी खराट्याची काडी बसविली. पवनचक्कीच्या प्रसंगी भाला मोडल्यावर त्या सरदाराने स्वतःही झाडाची वाळकी फांदीच भाल्यासाठी घेतली होती, तेव्हा ही दुरुस्ती संहितेला धरून आहे. डिकन्सची पात्रे सात आहेत, रॉयल डोल्टनची, मुठीत मावणारी : मिकॉबर, पिकविक, छत्री घेतलेली सेरी गॅम्प आणि इतर. या मालिकेतल्या मूर्तींचे साचे लेस्ली हॅराडीन या शिल्पकाराने घडविले होते. बर्स्लेमचा तो जुना कारखाना २००५ मध्ये बंद पडला. त्यांच्याबद्दल फार सांगण्याजोगे नाही. एक गंमत मात्र नोंदवावी. ई. एम. फॉर्स्टरने १९२७ मध्ये डिकन्सची माणसे सपाट ठरविली, एका वाक्यात मावणारी म्हटली. नेमकी तीच माणसे मातीत तिन्ही मितींनी उत्तम उभी राहतात. ज्यांना तो गोल म्हणतो, त्यांच्या मूर्ती करायला घेतल्या तर हातात नुसती एक बाई किंवा एक पुरुष उरतो; तळाला नाव लिहावे लागते. मिकॉबरला नाव लागत नाही.

यावरून निघणारा प्रश्न बाईंना पंचवीस वर्षे छळत होता. मराठी कादंबरीतले एकही पात्र या कपाटात का नाही? बाजार नव्हता, कारखाने नव्हते, हे उत्तर खरे आहे पण अपुरे आहे. शाडूची नाही तर प्लास्टरची का होईना, मूर्ती घडविणारे हात ठाणे जिल्ह्यात कधीच कमी नव्हते. दिवाळीत डोंबिवलीच्या गल्लीगल्लीत मुले किल्ले बांधतात. त्यावर शिवाजीमहाराज, मावळे, तोफा, गवळणी, आणि प्रमाणाचा कसलाही विधिनिषेध न बाळगता एखादा महाराजांहून मोठा वाघ, असे सगळे रंगीत मातीत अवतरते. कथा मातीत आणण्याचा संस्कार येथे आहे. पण तो कादंबरीपर्यंत आला नाही.

हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो!' १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येत होती, १८९३ मध्ये ती पुरी झाली. पुढच्याच वर्षी रविवर्म्याच्या छापखान्यातून शकुंतला बाहेर पडली. एकाच दशकातल्या, एकाच वाचक-प्रेक्षकवर्गापुढे आलेल्या या दोन स्त्रिया. एक भिंतीवर गेली, मग मातीत गेली, आगपेट्यांवर आणि कॅलेंडरांवर गेली. दुसरी पुस्तकातच राहिली. बाईंनी एका वर्षी मनाशी ठरवून कल्याणच्या एका गणपतीच्या कारखान्यात यमूची मूर्ती सांगितली. श्रावण लागायचा होता, मूर्तिकाराला उसंत होती. त्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "बाई, दिसायला कशी?" बाई निरुत्तर झाल्या. घरी येऊन त्यांनी कादंबरी पुन्हा वाचली, या वेळी हातात पेन्सिल घेऊन, केवळ यमूच्या रूपाचा धागा शोधीत. मूर्तिकाराला पुरेल एवढे त्यांना काही मिळाले नाही. मिळणार कसे? सांगणारी तीच आहे. ती आतून बोलते. स्वतःपासून चार पावले दूर उभी राहून स्वतःला न्याहाळण्याची सोय तिला त्या निवेदनरीतीत नाही आणि त्या घरातही नाही. जी एक प्रतिमा वाचकाच्या मनावर डागल्यासारखी उरते ती बळजबरीने केलेल्या केशवपनाची. ती मुद्रा शोकेसमध्ये कोण ठेवणार? बाई दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा मूर्तिकाराने तोडगा काढून ठेवला होता. "चेहरा गौरीचा देतो, साचा तयारच आहे. कपाळ पांढरं ठेवू." बाईंनी त्याचा वेळ घेतल्याबद्दल पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत.

या हकिकतीचा अर्थ बाई लावतात तो थोडा कडवट आहे. त्यांच्या मते मूर्तीयोग्य होणे म्हणजे पाहिले जाण्यास संमती देणे. शकुंतलेचा तो वळलेला क्षणच मुळी पाहण्या-पाहवून घेण्याचा आहे. यमूचा सगळा प्रयत्न ऐकले जाण्याचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी स्त्रीला दोन प्रकारे सार्वजनिक होता आले, आणि बाजाराने त्यांतला एकच प्रकार पत्करला. याला उत्तर म्हणून कोणी श्यामच्या आईचे, कोणी चिमणरावाचे नाव घेईल. चिमणराव मातीत उत्तम उभा राहिला असता, यात शंका नाही. तो मिकॉबरच्या बिरादरीतला. तो कोणी घडविला नाही, हे निव्वळ दुर्दैव. यमूचे तसे नाही.

पाश्चात्त्य संग्राहकाच्या कपाटाहून बाईंचे कपाट आणखी एका बाबतीत वेगळे आहे. त्याच्या मुळाशी चैत्रगौर आहे. गिरगावच्या चाळीत बाईंच्या आजीकडे चैत्रात गौर बसे, तिच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास होई, आणि त्या आरासीत घरातली प्रत्येक शोभिवंत वस्तू मांडली जाई. कलिंगडाचे कातरलेले कमळ, करंज्या, हरभऱ्यांची ओटी, कैरीची डाळ, पन्ह्याचे पेले, आणि त्यांच्यामध्ये चिनी मातीची शकुंतला. वर्षाचे अकरा महिने ती जुन्या धोतराच्या फडक्यात ट्रंकेत असे. ती कोणाची कोण, हे बायकांना ठाऊक असे. त्यांतल्या कितीकींनी 'शाकुंतल' कधी वाचले नव्हते, पण पदे पाठ होती. हळदीकुंकवाच्या गर्दीत एका वर्षी कोणाचा तरी हळदीचा हात मूर्तीच्या खांद्याला लागला. चेहऱ्याचा आणि हातांचा भाग बिनझिलईचा, त्याने हळद ओढून घेतली. डाग अजून आहे. दलालाच्या भाषेत हा दोष. त्याने किंमत उतरते. वॉल्टर बेंजामिन यांत्रिक प्रतींच्या युगात कलाकृतीचे तेजोवलय ओसरते असे १९३६ साली म्हणाला, ते या मूर्तीलाही लागू आहे : तिच्यासारख्या शेकड्यांनी निघाल्या असतील. पण हळद लागलेली एकच. माइसेनपासून बर्स्लेमपर्यंत कोणत्याही साच्यात तिची नोंद नाही. पुढे बाईंनी घरात गौर बसविणे चालू ठेवले आणि मिकॉबरलाही आरासीत बसविले. त्याच्या टकलावर शेजारच्या आजींनी न विचारता कुंकवाचा टिळा लावला, तो मात्र झिलईवरून पुसता आला.

लग्नानंतर बाई कल्याणला, वालधुनीच्या बाजूच्या एका तळमजल्याच्या घरात राहत. २६ जुलै २००५ च्या पावसात त्या घरात कमरेच्या वर पाणी आले. रात्रभर माळ्यावर बसून काढल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी उतरले तेव्हा पुस्तकांचा लगदा झाला होता. मूर्तींचे मात्र फारसे बिघडले नव्हते. मातीची वस्तू, पण भट्टीतून निघालेल्या मातीला पाण्याचे भय नसते. आठ-दहा फुटल्या त्या कपाट आडवे झाल्यामुळे. दमयंतीच्या हंसाची मान गेली. शकुंतलेच्या बुंध्याशी एक हरिण होते, तिच्या पावलाला नाक लावून उभे, ते गेले. चिखल उपसताना बाईंनी गाळ चाळणीने चाळला, तरी मिळाले नाही. बैठकीवर आता चार खूर उरले आहेत.

पाहुण्याला ते चार पांढरे उंचवटे फुलांचे देठ वाटतात. ज्याने नाटक वाचले आहे तो क्षणभर थांबतो. चौथ्या अंकात आश्रम सोडताना पाडस तिचे वस्त्र मागून धरते. पाचव्या अंकात राजाला खूण पटविण्यासाठी ती त्याच पाडसाची आठवण सांगते, त्याने राजाच्या हातचे पाणी घेतले नाही आणि तिच्या हातचे घेतले, आणि सभेत ती आठवण थट्टेवारी जाते. अंगठीही पाण्यातच हरवली होती. कोळी अजून यायचा आहे, असे बाई म्हणतात आणि विषय बदलतात. पुरानंतर त्यांनी तळमजला सोडला व डोंबिवलीची ही तिसऱ्या मजल्यावरची जागा घेतली.

आता ही इमारत पुनर्विकासात जाते आहे. करारावर सह्या झाल्या. भाड्याच्या घरात किमान तीन वर्षे काढावी लागतील, आणि नव्या सदनिकेच्या भिंती इतक्या पातळ असतील की त्यांत कपाट कोरता येणार नाही. मुलगी परगावी असते, तिचे घर लहान आहे, तिला या मूर्तींविषयी प्रेम आहे पण जागा नाही. मुंबईहून एक दलाल येऊन गेला. त्याने बरोबर पाच मूर्ती बाजूला काढल्या, रविवर्म्याच्या चित्रांवरच्या; हळदीचा डाग आणि हरिणाची उणीव हिशेबात घेऊनही त्याने सांगितलेली रक्कम बाईंच्या दोन वर्षांच्या निवृत्तिवेतनाएवढी होती. उरलेल्या छत्तिसांकडे त्याने पाहिलेही नाही. एका जुन्या ग्रंथालयाकडे बाईंनी पत्र पाठविले : मूर्ती, त्यांच्या मागील ग्रंथ आणि नोंदपत्रे असा एकत्र संच विनामूल्य द्यावयाचा आहे. उत्तर सौजन्यपूर्ण आले. ग्रंथ स्वीकारता येतील. वस्तूंसाठी दाखलनोंदवहीत रकाना नाही.

बेंजामिननेच १९३१ मध्ये आपली ग्रंथसंपदा पेट्यांतून बाहेर काढताना लिहिलेल्या निबंधात, मालक गेला की संग्रहाचा अर्थही जातो, अशा आशयाचे विधान केले आहे. सार्वजनिक संग्रहालये त्याला समाजोपयोगी वाटतात, पण वस्तूला न्याय मिळतो तो व्यक्तीच्या हाती, असा त्याचा सूर आहे. बाईंना हे पटत नाही. ज्या कवीचा काळ आणि गाव यांवर अजून वाद चालतो त्याचे नाटक त्यांनी आयुष्यभर शिकविले. कर्ता हरवला तरी अन्वय टिकतो, अशी त्यांची धारणा. मात्र अन्वय टिकण्यासाठी तो कुठेतरी लिहिलेला असावा लागतो, हेही त्या जाणतात. शकुंतलेसमोर किहोटे का, सेरी गॅम्प दमयंतीच्या मागे का, हे मांडणीतच आहे. मांडणी मोडली की पाच प्राचीन वस्तू आणि छत्तीस खेळणी. संग्रह ही संहिता मानावी की नाही, हा वाद येथे परिसंवादाचा विषय राहत नाही. ट्रकची तारीख ठरलेली आहे.

म्हणून गेले दोन महिने बाई नोंदपत्रे लिहीत आहेत. एका मूर्तीला एक पत्र : तळावरचा शिक्का व क्रमांक, कोठून मिळाली, कोणत्या संहितेतला कोणता प्रसंग, शेजारी कोण होते आणि का. अक्षर वर्गातल्या फळ्यावरचेच, गोल आणि मोठे. पाच मूर्ती द्यायच्या की नाहीत, ते त्यांनी दलालाला अजून कळविलेले नाही. त्याचे दोन फोन येऊन गेले. जुन्या नऊवाऱ्यांचे तुकडे करून मूर्ती गुंडाळण्याचे काम दुपारी चालते. एकेचाळीस मूर्तींची पत्रे पुरी झाल्यावर त्यांनी आणखी दोन लिहिली. एकावर 'हरिण' असे शीर्षक आहे, आणि शिक्क्याच्या रकान्यात 'खूर चार' एवढेच. दुसरे यमूचे. त्यावर कादंबरीचे नाव आहे, प्रकाशनाचे साल आहे, शेजारी कोण या रकान्यात शकुंतलेचा क्रमांक आहे, आणि उंची, रंग, मुद्रा हे रकाने त्यांनी रिकामे सोडले आहेत.